आला तेव्हा कोण, गेला तेव्हा कोण

गेल्या गणेशोत्सवात आमच्या मंडळाची आरती आटोपून प्रसादाच्या पंक्तीत बसलो असता शेजारच्या एका गृहस्थांनी खिशातून दोन पत्रे काढून माझ्यापुढे ठेवली. त्यांचा मुलगा येथे अमेरिकेत हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल संघात ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये, म्हणजे चेंडूला सहसा हात न लावता समोरच्यांना अंगाने थोपवून धरणाऱ्या पाच धिप्पाड गड्यांमध्ये, खेळतो. आणि दोन विद्यापीठांच्या प्रशिक्षकांनी त्याला शिष्यवृत्ती देऊ केली होती. ‘ह्यांतला कोण माझ्या मुलाला घडवील, एवढे सांगा,’ असे ते म्हणाले. पंक्तीत बसून जे सांगता आले ते सांगितले. परंतु प्रश्न मोठा होता आणि उत्तर अपुरे राहिले. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपुढे हा प्रश्न आता क्वचित का होईना येऊ लागला आहे, आणि ज्यांची मुले खेळत नाहीत, पण ज्या विद्यापीठात शिकतात त्याच्या शनिवारच्या सामन्यांत आईबापांचाही जीव गुंतलेला असतो, त्यांनाही प्रशिक्षकाची पारख कशी करावी हे जाणून घ्यावेसे वाटते. त्या सर्वांसाठी हा विस्तार.

दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस व्यावसायिक फुटबॉलचे बत्तीस संघ तीन दिवसांत, सात फेऱ्यांत, महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या सुमारे अडीचशे तरुणांची निवड करतात. ह्या निवडीला ड्राफ्ट म्हणतात, आणि ती पार पडताच कोणत्या विद्यापीठाचे किती खेळाडू उचलले गेले ह्याचे कोष्टक जिकडेतिकडे प्रसिद्ध होते. २०२२ साली एकट्या जॉर्जिया विद्यापीठाचे पंधरा खेळाडू निवडले गेले. सात फेऱ्यांची पद्धत सुरू झाल्यापासून एका संघाची एवढी निवड पूर्वी झाली नव्हती. असे आकडे वाचून सामान्य वाचक जो निष्कर्ष काढतो, की ज्याचे गडी अधिक गेले तो प्रशिक्षक घडवण्यात श्रेष्ठ, त्यात एक मोठी गफलत आहे, आणि ती अशी की त्या हिशेबात केवळ खर्चाची बाजू लिहिलेली असते, जमेची बाजू कोरीच राहते. हायस्कूलमधून येणाऱ्या मुलांना येथील परीक्षक दोनपासून पाचपर्यंत तारे देतात. पंचतारांकित मुले देशात दरसाल मोजकीच असतात, आणि त्यांतली बरीचशी चार-दोन मातब्बर विद्यापीठांकडेच जातात. तेव्हा एखाद्या प्रशिक्षकाच्या हातून किती मोती बाहेर पडले हे मोजण्यापूर्वी त्याच्या हाती शिंपले किती आले आणि मोतीच किती आले, हे विचारणे अगत्याचे आहे.

निक सेबन ह्यांचेच उदाहरण घ्या. २००७ पासून २०२३ च्या हंगामापर्यंत ते ॲलाबामाचे प्रशिक्षक होते. तेथे त्यांनी सहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली, त्यापूर्वी लुइझियाना स्टेट विद्यापीठात २००३ च्या हंगामात एक मिळवले होते, आणि २०२१ च्या ड्राफ्टच्या पहिल्याच फेरीत त्यांचे सहा खेळाडू निवडले गेले. त्यांचे टीकाकार म्हणतात की असा कच्चा माल मिळाल्यावर कोणीही हे केले असते. हे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. पाच तारे लाभलेला अठरा वर्षांचा मुलगा स्वतःला पूर्ण तयार समजून येतो, आणि त्याच्या मनातून ही समजूत काढून त्याला पुन्हा पहिल्या धड्यावर बसवणे हे सुमार मुलाला शिकवण्याइतकेच कठीण काम आहे. अशी मुले मिळूनही ज्यांच्या हातून ती वाया गेली असे प्रशिक्षक काही थोडे नाहीत. धावफलकाकडे न पाहता समोरचा एक डाव नीट खेळा, ही जी शिस्त सेबन ह्यांनी मिशिगन स्टेटमध्ये असताना मानसोपचारशास्त्राचे प्राध्यापक लायोनेल रोझेन ह्यांच्या सल्ल्याने अंगीकारली, तिचा उगम ह्याच गरजेत आहे. परंतु सेबन ह्यांची खरी परीक्षा पाहायची असेल तर त्या सहांतील मॅक जोन्सकडे पाहावे. हायस्कूलमधून येताना त्याला तीनच तारे होते. चेंडू फेकणाऱ्या दोन नामांकित क्वार्टरबॅकांच्या मागे तो वर्षानुवर्षे बाकावर थांबला, २०२० मध्ये त्याच्या हाती संघ आला, आणि त्याच हंगामाच्या शेवटी राष्ट्रीय विजेतेपद मिळवून तो पहिल्या फेरीत पंधराव्या क्रमांकावर निवडला गेला. जोश जेकब्झ हा चेंडू घेऊन धावणारा गडीही असाच, हायस्कूलमध्ये फारसा कोणाच्या नजरेत न भरलेला. तोही २०१९ मध्ये पहिल्या फेरीत गेला. पाच ताऱ्यांच्या गर्दीत तीन ताऱ्यांच्या मुलाकडेही कोणी लक्ष देते की नाही, हे ह्या दोन कारकीर्दींवरून कळते.

आता दुसऱ्या टोकाला या. आयोवा हे मक्याच्या शेतांचे राज्य. लोकसंख्या बेताची, आणि मोठी नावे तेथे सहसा येत नाहीत. तेथील विद्यापीठाचा संघ कर्क फेरेन्ट्झ ह्यांनी १९९९ साली हाती घेतला तेव्हा पहिल्या हंगामात एक विजय आणि दहा पराभव पदरी पडले. परंतु विद्यापीठाने धीर धरला, आणि आज पाव शतकाहून अधिक काळ ते त्याच जागी आहेत. त्यांच्या दप्तरात डोकावले की एक विलक्षण गोष्ट आढळते: ज्या जागेवर खेळाडू आला त्याच जागेवरून तो गेला असे पुष्कळदा झालेले नाही. रॉबर्ट गॅलरी हा टाइट एंड, म्हणजे अडवणारा आणि झेलणाराही गडी, म्हणून आला, आणि अंगात बळ भरता भरता ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये जाऊन २००४ च्या ड्राफ्टमध्ये सबंध देशात दुसरा निवडला गेला. डॅलस क्लार्क हा शिष्यवृत्तीवाचून, स्वखर्चाने संघात दाखल झालेला, ज्याला येथे वॉक-ऑन म्हणतात असा मुलगा. तो आला बचावातला लाइनबॅकर म्हणून आणि टाइट एंड होऊन २००३ मध्ये पहिल्या फेरीत गेला. टायलर लिंडरबॉम बचावफळीसाठी आला होता. त्याला सेंटरच्या जागी नेले, आणि २०२१ साली देशातील सर्वोत्कृष्ट सेंटरचा बहुमान मिळवून पुढच्या वर्षी तो पहिल्या फेरीत निवडला गेला. जॉर्ज किटलची कथा तर तुलना करणाऱ्याने विशेष ध्यानात ठेवावी अशी आहे. सबंध महाविद्यालयीन कारकीर्दीत मिळून पन्नासही झेल त्याच्या नावावर नव्हते; केवळ आकड्यांवरून पाहणाऱ्याने त्याला सामान्यच म्हटले असते, आणि २०१७ मध्ये तो पाचव्या फेरीपर्यंत खाली राहिलाही. परंतु चेंडू झेलण्यापूर्वी समोरच्याला अडवायचे कसे, पाय कोठे रोवायचे, खांदा कोणत्या कोनात द्यायचा, ह्याचे शिक्षण त्याला आयोवात पुरेपूर मिळाले होते, आणि व्यावसायिक फुटबॉलमध्ये थोड्याच काळात तो आपल्या जागेवरील सर्वश्रेष्ठांत गणला जाऊ लागला. दोन वर्षांनी, २०१९ मध्ये, आयोवाचे दोन टाइट एंड एकाच वर्षी पहिल्या फेरीत गेले. एका विद्यापीठाच्या बाबतीत असे पूर्वी कधी घडलेले नव्हते.

ह्यामागे जादू नाही. आयोवा हे कुस्तीचे राज्य आहे. गावोगावच्या शाळांत मॅट अंथरलेली असते, आणि लिंडरबॉम काय किंवा आयोवाचाच दुसरा लाइनमन ट्रिस्टन विर्फ्स काय, दोघेही हायस्कूलमध्ये कुस्ती खेळलेले गडी. कोल्हापूरच्या तालमीची सवय असलेल्या मराठी वाचकाला हे सांगायला नकोच की जो कमरेचे वजन खाली ठेवून दुसऱ्याचा तोल ओळखायला शिकला, त्याला पुढचे बरेचसे आयतेच येते. फेरेन्ट्झ स्वतः ऑफेन्सिव्ह लाइनचे शिक्षक. शरीर अजून भरायचे आहे पण चपळाई आणि तोल आहे, अशा मुलाला ते हेरतात आणि पहिले वर्ष मैदानाबाहेर ठेवून त्याचे बळ वाढवतात. येथील नियमांनुसार खेळाडूला चार हंगाम खेळण्यासाठी पाच वर्षांची मुदत मिळते. ज्या वर्षी तो सामन्यांपासून दूर राहतो त्या वर्षाला रेडशर्ट म्हणतात, आणि २०१८ पासून चार सामने खेळूनही ते वर्ष राखता येते. ह्या राखलेल्या वर्षाचे प्रशिक्षक काय करतो, हा प्रश्न मुलाच्या वडिलांनी आवर्जून विचारावा.

परंतु आयोवाची स्तुती करताना दोन गोष्टी दडवणे अप्रामाणिकपणाचे होईल. पहिली अशी की घडवण्याची ही किमया सर्व जागांवर सारखी दिसत नाही. ज्या संघातून इतके उत्तम लाइनमन आणि टाइट एंड निघाले, त्याच संघाचे आक्रमण २०२३ च्या हंगामात देशाच्या तळाच्या ओळीत होते. क्वार्टरबॅक आणि चेंडू झेलणारे रिसीव्हर घडवण्याचा तेवढा लौकिक फेरेन्ट्झ ह्यांच्या आयोवाला लाभला नाही. तेव्हा अमुक प्रशिक्षक चांगला की तमुक, असा सरसकट प्रश्न विचारू नये. माझा मुलगा ज्या जागेवर खेळतो त्या जागेवर ह्यांनी कोणाला घडवले, असा नेमका प्रश्न विचारावा. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. २०२० च्या उन्हाळ्यात आयोवाच्या अनेक माजी कृष्णवर्णीय खेळाडूंनी आपल्याला तेथे मिळालेल्या वागणुकीबद्दल जाहीर कैफियत मांडली, आणि बलसंवर्धनाचे जे प्रशिक्षक त्या कीर्तीचे शिल्पकार मानले जात त्यांना पद सोडावे लागले. बळ वाढले पण मन दबले, असा सौदा कोणत्याही बापाने करू नये. म्हणून संघात टिकलेल्यांबरोबरच सोडून गेलेल्यांशीही बोलावे, आणि आपल्या मुलासारख्या, वर्णाने आणि नावाने वेगळ्या दिसणाऱ्या मुलांना तेथे काय अनुभव आला हे तर अवश्य विचारावे.

जमेच्या बाजूचा विचार करताना काळाचाही विचार करावा लागतो, आणि ह्या संदर्भात एडी रॉबिन्सन ह्यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाणे मला शक्य नाही. लुइझियानातील ग्रॅम्बलिंग ह्या कृष्णवर्णीयांच्या छोट्या महाविद्यालयात ते १९४१ साली रुजू झाले आणि १९९७ पर्यंत तेथेच राहिले. आरंभीच्या वर्षांत मैदानावरचे गवत कापण्यापासून मुलांचे घोटे बांधण्यापर्यंत आणि वर्तमानपत्रांसाठी सामन्यांचे वृत्त लिहिण्यापर्यंत सारी कामे ते स्वतः करीत. चारशे आठ विजय त्यांच्या नावावर जमा झाले, आणि दोनशेहून अधिक खेळाडू त्यांच्या हाताखालून व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेले. ह्या आकड्याचा एक अर्थ असाही लावता येईल, आणि काहींनी लावलाही, की दक्षिणेतील मोठ्या विद्यापीठांची दारे कृष्णवर्णीय मुलांना बंद असल्यामुळे उत्तमोत्तम खेळाडू आपोआप ग्रॅम्बलिंगकडे वळत; ॲलाबामासारख्या विद्यापीठाच्या संघाने कृष्णवर्णीय खेळाडूला शिष्यवृत्ती दिली ती १९७० च्या सुमारास. हे खरे आहे. परंतु ज्या मुलांसाठी ना सुसज्ज व्यायामशाळा, ना परीक्षकांच्या खेपा, ना वर्तमानपत्रांत नाव, त्यांना देशभरच्या नजरेत भरतील असे रॉबिन्सन ह्यांनी तयार केले, हेही तितकेच खरे आहे.

रॉबिन्सन ह्यांच्याच शिष्यांपैकी दोघांची गोष्ट ड्राफ्टच्या मापाविषयी जे शिकवते ते दहा कोष्टके शिकवणार नाहीत. १९६३ साली बक ब्युकॅनन आणि विली ब्राउन हे दोघे ग्रॅम्बलिंगमधून एकाच वेळी बाहेर पडले. ब्युकॅनन अमेरिकन फुटबॉल लीगच्या निवडीत सर्वप्रथम उचलला गेला. ब्राउनची कोणीही निवड केली नाही, आणि ज्या पहिल्या संघाने त्याला ठेवून घेतले त्यानेही लवकरच काढून टाकले. पुढे दोघेही व्यावसायिक फुटबॉलच्या सन्मानमंदिरात दाखल झाले, आणि तेही ब्राउन आधी, ब्युकॅनन नंतर. शिक्षक एक, काळ एक, शिक्षण एक. तरी बाजाराने एकाला शिखरावर ठेवले आणि दुसऱ्याला पायरीवरही उभे केले नाही. ड्राफ्ट हे गिऱ्हाइकाच्या नजरेचे माप आहे. ते अगदीच निरुपयोगी नव्हे. परंतु त्याच्या जोडीला, त्या प्रशिक्षकाचे खेळाडू व्यावसायिक संघांत तीन-चार वर्षांनंतरही टिकून आहेत काय, हे पाहिले तरच शिक्षणाचा कस कळतो.

अलीकडच्या काळात श्रेयाची वाटणी आणखी अवघड झाली आहे. पूर्वी विद्यापीठ बदलले की बहुधा एक वर्ष बसून काढावे लागे. २०२१ पासून ती अट शिथिल झाली, त्याच वर्षी खेळाडूला आपल्या नावाचा मोबदला घेण्याची मुभा मिळाली, आणि हजारो मुले आता दरसाल एक संघ सोडून दुसरा धरतात. कॅम वॉर्ड हा मुलगा २०२५ च्या ड्राफ्टमध्ये सर्वप्रथम निवडला गेला, तेव्हा तो मायामी विद्यापीठाचा म्हणून नोंदला गेला; परंतु हायस्कूलमध्ये असताना त्याला खरोखर बोलावणारे विद्यापीठ म्हणजे सॅन अँटोनियोचे लहानसे इन्कार्नेट वर्ड; तेथे तो दोन हंगाम खेळला, मग दोन हंगाम वॉशिंग्टन स्टेटमध्ये, आणि शेवटचा एकच मायामीत. मग हा शिष्य कोणाचा? जो बरोचे तसेच. ओहायो स्टेटमध्ये त्याला संधी मिळाली नाही. लुइझियाना स्टेटमध्ये पहिल्या हंगामात त्याने चेंडू फेकून सोळा टचडाउन केले आणि दुसऱ्या, २०१९ च्या, हंगामात साठ. त्या एका वर्षासाठी जो ब्रेडी नावाचे तरुण साहाय्यक प्रशिक्षक तेथे आले होते, आणि हंगाम संपताच ते व्यावसायिक फुटबॉलमध्ये निघूनही गेले. माझा स्वतःचा शिरस्ता असा आहे की जेथे खेळाडूने दोन पूर्ण हंगाम काढले त्या प्रशिक्षकाच्या खात्यावर त्याला मांडावे, आणि एकाच हंगामासाठी आलेल्या पाहुण्याला वेगळ्या ओळीत लिहावे.

ह्याच कारणास्तव मुख्य प्रशिक्षकाच्या नावाला भुलू नये. तो संघाचा कारभारी असतो. आपल्या मुलाला रोज हाताखाली घेणारा असतो तो त्या जागेचा साहाय्यक, आणि हे साहाय्यक फार लवकर बदलतात. कॅन्ससच्या जॉर्डी नेल्सन ह्या रिसीव्हरला घडवल्याचे श्रेय बिल स्नायडर ह्यांना देण्याची रीत आहे, आणि ज्यांनी १९८९ मध्ये देशातील सर्वांत दुर्दैवी म्हणून हिणवला गेलेला कॅन्सस स्टेटचा संघ हाती घेऊन उभा केला, त्यांना ते शोभूनही दिसते. नेल्सन स्वखर्चाने त्या संघात आला, बचावातून रिसीव्हरच्या जागी गेला, हे खरेच. पण त्याचे शेवटचे दोन हंगाम स्नायडर निवृत्त झाल्यानंतरचे आहेत. खेळाडूची वर्षे आणि शिक्षकाची वर्षे शेजारी शेजारी मांडल्यावाचून श्रेय देऊ नये.

आता प्रत्यक्ष रीत. पाच वर्षांपूर्वी त्या विद्यापीठात दाखल झालेल्या वीस-पंचवीस मुलांची यादी मिळवा. ती सर्वत्र प्रसिद्ध असते. चालू वर्षाची यादी घेऊ नका, कारण तिच्यात केवळ आशा असते. प्रत्येक नावापुढे येतानाचे तारे, येतानाची जागा आणि वजन, पुढे किती सामन्यांत तो उतरला, सोडून गेला काय, पदवी मिळाली काय, आणि शेवटी कोठे पोहोचला, हे लिहा. स्वखर्चाने आलेल्यांची नावे वेगळी काढा. न्यायालयीन तडजोडीनंतर २०२५ पासून बहुतेक मोठ्या संघांत ८५ शिष्यवृत्त्यांच्या जागी १०५ खेळाडूंच्या पटाची मर्यादा आल्यामुळे ही वाट आता अरुंद झाली आहे, तरी जुन्या यादीत प्रशिक्षकाची नजर जितकी तेथे दिसते तितकी अन्यत्र दिसत नाही. असे एक वर्ष पुरत नाही. लागोपाठ तीन-चार वर्षांच्या याद्या केल्या म्हणजे योगायोग गळून पडतो. एक-दोन संध्याकाळींचे काम आहे, आणि मुलाला शेजारी बसवून ते करावे, कारण त्या यादीच्या मधल्या ओळी वाचताना त्याला आपोआप उमगते की बहुसंख्य मुलांचे नाव ड्राफ्टच्या कोष्टकात येतच नाही.

त्या बहुसंख्यांसाठी पदवीचा रकाना हाच मुख्य रकाना आहे. महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणारी एनसीएए ही संस्था दरसाल प्रत्येक संघाची दोन परिमाणे प्रसिद्ध करते: प्रवेशानंतर सहा वर्षांच्या आत किती खेळाडूंनी पदवी घेतली त्याचे प्रमाण, आणि शिष्यवृत्तीधारक खेळाडू सत्रामागून सत्र पात्र राहतात काय व टिकतात काय ह्याचा गुणांक, ज्यात हजारांपैकी ९३० च्या खाली जाणाऱ्या संघावर कारवाई होऊ शकते. दोन्ही आकडे कोणालाही पाहता येतात. रॉबिन्सन सकाळी हातात घंटा घेऊन वसतिगृहाच्या खोल्याखोल्यांतून मुलांना वर्गासाठी उठवीत फिरत. आज ती घंटा कोण वाजवतो, त्या माणसाचे नाव काय, आणि त्याच्याकडे किती मुले सोपवली आहेत, हे विद्यापीठाच्या भेटीत विचारायला संकोच करू नये.

आणि भेटीला जाल तेव्हा त्यांनी नेमलेल्या खुर्चीवर बसून राहू नका. सजवलेले दालन, झगमगते लॉकर आणि ड्राफ्टमध्ये गेलेल्यांची मोठाली चित्रे तुम्हाला दाखवली जातीलच. ती पाहून झाली की सराव पाहण्याची परवानगी मागा, आणि पहिल्या संघाकडे पाठ करून मैदानाच्या दूरच्या कोपऱ्यात जा, जेथे तिसऱ्या फळीतले मुलगे सराव करीत असतात. तेथे कोणी शिक्षक उभा आहे काय, की ती मुले केवळ पहिल्या संघाला धडका देण्यासाठी ठेवलेली आहेत. चूक झाली तर तो ओरडून पुढे जातो, की मुलाचा पाय हाताने धरून योग्य जागी ठेवतो. आणि पुढच्याच डावात तो पाय पुन्हा चुकला तर परत वाकतो काय, हे अर्धा तास पाहा. पंक्तीतल्या त्या गृहस्थांना मी एवढेच सांगू शकलो होतो. ते पुढच्या महिन्यात दोन्हीकडे जाणार आहेत; मुलाने याद्या करायला घेतल्या आहेत, आणि पहिल्या यादीतल्या अकरा नावांपुढचा शेवटचा रकाना अजून भरायचा आहे.